‘ठाऊक आहे’ आणि ‘पाहिले’



‘खोट्याच्या कपाळी गोटा’ ही म्हण मराठी घरातील प्रत्येक मुलाच्या कानांवरून गेलेली असते. इयन मॅक्युअन यांच्या ‘अटोनमेंट’ या २००१ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी कादंबरीत मात्र तो गोटा बसतो भलत्याच्याच कपाळी.

काळ १९३५ च्या उन्हाळ्याचा. स्थळ इंग्लंडमधील सरे परगण्यातील एक श्रीमंत वाडा. धाकटी कन्या ब्रायनी १३ वर्षांची, गोष्टी लिहिण्याचे वेड असलेली. थोरली बहीण सिसीलिया आणि मोलकरणीचा मुलगा रॉबी यांचे प्रेम तिच्या दृष्टीस पडते, पण त्याचा अर्थ तिला लागत नाही. रॉबी दुष्ट आहे, असे ती ठरवून टाकते. त्याच रात्री घरातून निघून गेलेल्या जुळ्या मुलांना शोधायला सारे बाहेर पडले असता, अंधारात तिच्या मावसबहिणीवर अत्याचार होतो. ब्रायनीला दिसते ती केवळ दूर जाणारी एक आकृती. तो रॉबीच, हे तिला ‘ठाऊक’ असते. पोलिसांपुढे मात्र आपण त्याला ‘पाहिले’, असे ती सांगते.

कादंबरीचे सारे मर्म या क्रियापदाच्या बदलात आहे. ब्रायनीला आपण खोटे बोलतो असे वाटतच नाही. प्रत्येक नव्या प्रश्नासरशी तिचा परतीचा रस्ता बंद होत जातो, आणि मोठी माणसे तिला अडवीत नाहीत. का अडवतील? मोलकरणीच्या मुलावर संशय घेणे सोपे. घरी पाहुणा आलेल्या धनाढ्य चॉकलेट-कारखानदारावर तो कोण घेणार? खरा गुन्हेगार तोच असतो. पुढे तो त्याच मुलीशी विवाह करतो आणि लॉर्डही होतो. त्या पहाटे जुळ्यांना सुखरूप घेऊन परतणारा रॉबी गजाआड जातो आणि तुरुंगातून सुटतो तो थेट महायुद्धात जाण्यासाठी.

ब्रायनीला चूक उमगते. केंब्रिजला न जाता ती परिचारिका होते, रॉबी आणि सिसीलिया यांना भेटते, साक्ष फिरविण्याचे कबूल करते. वाचक निःश्वास सोडतो. त्यानंतर १९९९ सालातील ७७ वर्षांची ब्रायनी, आता प्रथितयश लेखिका, सांगते की ती भेट झालीच नव्हती. १९४० मध्येच रॉबी डंकर्कजवळच्या किनाऱ्यावर जखम चिघळून मरण पावला आणि सिसीलिया लंडनमधील बॉम्बहल्ल्यात गेली. त्यांचे मीलन झाले ते ब्रायनीच्या कागदावर.

येथे फसवणूक झाल्याची तक्रार अनेक वाचक करतात. ती न्याय्य नव्हे. ब्रायनीने मृतांना आयुष्य दिले, सहवास दिला. परंतु त्यांच्या तोंडी स्वतःसाठी क्षमा घातली नाही. लेखणी तिच्याच हाती होती आणि एका वाक्याने काम भागले असते. कल्पनेतही रॉबी तिच्यावर संतापतो आणि सिसीलिया तिला क्षमा करणार नसल्याचे सांगते. धर्मशास्त्रातील प्रायश्चित्त दुसरा कोणी सांगतो. त्याचे माप ठरलेले असते आणि ते पुरे झाले की मनुष्य शुद्ध होतो. आपल्या कथेची कर्ती स्वतःच असलेल्या ब्रायनीला ते सांगणार कोण?

तिच्या कहाणीचे मसुदे १९४० पासून १९९९ पर्यंत चालू राहतात. ग्रंथ तरीही छापता येत नाही, कारण लॉर्ड आणि लेडी हयात असेपर्यंत बदनामीच्या खटल्याची धास्ती आहे. तिची स्मृती तर आता आजाराने ढासळू लागली आहे. साक्ष फिरविली जाईल ती तिच्या पश्चात, ज्यांच्यासाठी ती फिरवायची त्यांतील कोणीही उरले नसताना.