फुटपाथवरचा आमचा बोर्ड



मागच्या वेळी आपण पापडाच्या पॅकिंगवर बोललो. आज बोर्डावर बोलायचं आहे. दुकानाच्या माथ्यावरच्या नाही, दुकानाबाहेर फुटपाथवर उभा करतात त्या घडीच्या बोर्डावर. आमचा बघून काही गटांनी तसाच करून घेतलाय, म्हणून आमचं काय चुकलं ते आम्हीच सांगितलेलं बरं.

आमच्या सहा गटांनी मिळून तालुक्याच्या गावी गाळा भाड्याने घेतला. गाळा बाजारपेठेत खरा, पण दोन मोठ्या दुकानांच्या मध्ये दबलेला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतच नव्हता. पहिले दोन महिने भाडं सुटायची मारामार. मग वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी बोर्ड करून घेतला. शिडीसारखा उघडायचा, दोन्ही बाजूंना रंगवलेलं, 'कुरडया, शेवया, शेंगदाणा चटणी. आत या.' रोज शटर उघडलं की पहिलं काम बोर्ड फुटपाथवर मांडायचं. आणि गिऱ्हाईक यायला लागलं. खोटं कशाला बोलायचं, त्या बोर्डाने आमचं भाडं काढलं.

एका बाजाराच्या दिवशी अतिक्रमणवाल्यांचा टेम्पो आला आणि बोर्ड उचलून घेऊन गेला. आमच्यातली एक मावशी टेम्पोमागे पळाली, 'अहो, गरीब बायांचा आहे तो!' कोण ऐकतंय? आमच्यासमोर बसणाऱ्या, आमच्याच गटातल्या भाजीवाल्या काकूंचा तराजूही त्यात गेला.

दुसऱ्या दिवशी आम्ही वीसजणी कचेरीत गेलो. प्रशिक्षणात २०१४ च्या पथविक्रेता कायद्याची माहिती मिळाली होती, त्याची झेरॉक्सही बरोबर होती. आम्ही मोठ्या तोऱ्यात ती साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेबांनी एवढंच विचारलं, 'ताई, तुमच्या गाळ्याचा भाडेकरार आहे ना? मग तुम्ही पथविक्रेत्या कशा?'

आम्हाला उत्तर आलं नाही. कारण त्यांचं बरोबर होतं.

हे नीट ऐका, कारण इथेच आमची गफलत झाली. तो कायदा रस्त्यावर, फुटपाथवर बसून किंवा फिरून माल विकणाऱ्यांसाठी आहे. आमचा धंदा चार भिंतींच्या आत. आम्ही भाडं भरतो ते शटरच्या आतल्या जागेचं. शटरच्या बाहेर पाऊल टाकलं की ती जागा ना आमची, ना आमच्या मालकाची. आपल्या दारासमोरचा फुटपाथ आपला, असं आपण धरून चालतो. अंगणाची सवय असते ना! पण गावातलं अंगण वेगळं आणि बाजारपेठेतला फुटपाथ वेगळा. तिथे बोर्ड ठेवायला परवानगी लागते आणि ती घेतली नसेल तर उचलून नेतात. आम्ही विचारलंच नव्हतं. वेल्डिंगवाल्याला भाव विचारला, रंगाऱ्याला विचारला, कचेरीत मात्र कुणी गेलं नाही.

भाजीवाल्या काकूंचं तसं नव्हतं. त्या खऱ्या पथविक्रेत्या. या कायद्यात लिहिलंय की माल जप्त केला तर त्याची यादी करून, सही करून, विक्रेत्याला प्रत द्यायची. विक्रेत्याने मागणी केली की नासणारा माल त्याच दिवशी आणि बाकीचा माल कामकाजाच्या दोन दिवसांत सोडायचा. काकूंना कुणी यादी दिली नव्हती. आम्ही तिथेच बसून त्यांच्या नावाने अर्ज लिहिला, पोच घेतली आणि तिसऱ्या दिवशी तराजू परत आला. म्हणजे ती झेरॉक्स फुकट गेली नाही. फक्त ती आमची नव्हती, काकूंची होती.

बोर्ड मात्र दंड भरून सोडवावा लागला. पावती घेतली. त्या रात्रीच्या बैठकीत सगळ्याजणी तापलेल्या. मोठ्या दुकानांचे बोर्ड कुणाला दिसत नाहीत, आमचाच बरा दिसला! ही तक्रार खोटी नव्हती. तेवढ्यात कोपऱ्यातून एक ताई बोलली. लहानपणी पोलिओ झालेला, ती कुबडीवर चालते. चटणीचं सगळं काम तिच्याकडे. ती म्हणाली, 'बोर्ड लावल्यापासून मी रोज फुटपाथ सोडून रस्त्यावरून येते. बोर्डाशेजारून कुबडी जात नाही. मागून एसटी येते तेव्हा जीव मुठीत धरते.'

आम्ही विचारलं, 'आधी का नाही बोललीस?'

'गिऱ्हाईक वाढलं होतं ना,' ती म्हणाली.

मैत्रिणींनो, त्यानंतर बैठकीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

सकाळी आम्ही शिवणाची टेप घेऊन फुटपाथ मोजला. सगळा मिळून पाच फूट. बोर्ड उघडला की दोन फूट तो खायचा. पुढे विजेचा खांब. म्हणजे चालणाऱ्याला उरले तीन फूट, तेही वाकडेतिकडे. इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था आहे. तिच्या २०१२ च्या पुस्तिकेत चालायला किमान १.८ मीटर, म्हणजे जवळपास सहा फूट मोकळी जागा हवी असं सांगितलंय. आमचा अख्खा फुटपाथच तेवढा नाही! तिथे बोर्डाला परवानगी कोण आणि कशी देणार? आणि वारा सुटला की तो आडवा व्हायचा, ते वेगळंच. १३ मे २०२४ ला मुंबईत घाटकोपरला वादळात भलंमोठं होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली. आमचा बोर्ड त्यापुढे काहीच नाही, पण एखाद्या पोराच्या डोक्यात पडायला तेवढा पुरे.

मोजताना आणखी एक चूक सापडली. त्या खांबाला आम्ही छोटा फ्लेक्सही बांधला होता. तो त्याच दिवशी काढला. मालमत्ता विद्रूपीकरणाचा १९९५ चा कायदा आहे. परवानगीशिवाय असं काही लावलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. वाढदिवसाचे फ्लेक्स लावणाऱ्यांना कुणी हात लावत नाही, हे आम्हालाही दिसतं. पण सापडलो असतो तर नाव गटाचं खराब झालं असतं.

मग पुन्हा कचेरीत गेलो. या वेळी तिघीजणीच, आणि आवाज खाली ठेवून. आमच्या शटरच्या वर, भिंतीला चिकटून, रस्त्यावर न येणारा बोर्ड लावायचा अर्ज दिला. सोबत भाडेकरार, मालकाचं संमतीपत्र आणि मापासह हाताने काढलेलं चित्र. मजकूर मराठीतच होता, ती अडचण नव्हती. दुकानाचं नाव मराठीत, देवनागरीत हवं हा नियम २०२२ पासून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही लागू आहे, हेही ध्यानात ठेवा.

घडीचा बोर्ड उघडून, सरळ करून तोच वर ठोकला. पहिला महिना विक्री उतरली, हे लपवत नाही. आता शटर उघडलं की दाराच्या आत, उंबऱ्याला लागून कुरडयांचं सूप मांडतो. बाहेरून दिसतं. गिऱ्हाईक हळूहळू परत येतंय, अजून पूर्वीइतकं नाही.

ज्या गटांनी बोर्ड करायला टाकलेत त्यांनी रंग द्यायच्या आधी नगरपंचायतीत किंवा नगरपरिषदेत जाऊन विचारा, आणि मिळेल ते उत्तर लेखी घ्या. गावातच दुकान असेल तर ग्रामपंचायतीत विचारा. रस्त्यावरचा अडथळा काढायचा अधिकार तिलाही आहे.

आणि ज्या बाया स्वतः रस्त्यावर बसून विकतात, त्यांनी विक्रेत्यांच्या सर्वेक्षणात आपलं नाव आहे का ते बघा. त्यावरच विक्रीचं प्रमाणपत्र मिळतं. नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांतून निवडून यायचे असतात, आणि त्यांतल्या एकतृतीयांश जागा बायकांच्या. आमच्या भाजीवाल्या काकूंचं नाव यादीत नाही. त्यासाठी येत्या सोमवारी अकरा वाजता आम्ही कचेरीत जाणार आहोत. तालुक्याला बसणाऱ्या ज्या कुणाला यायचं असेल, तिने आधार कार्डाची झेरॉक्स आणि दोन फोटो घेऊन आमच्या गाळ्यावर यावं.