रविवारी न दुखणारं पोट



माझा धाकटा भाऊ सातवीत होता तेव्हा रोज सकाळी त्याचं पोट दुखायचं. रविवारी नाही. आई मजुरी बुडवून त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यायची. एकदा जंताची गोळी मिळाली, एकदा आम्लपित्ताची. तिसऱ्यांदा, "तुम्हीच लाडावून ठेवलाय," हे ऐकून ती परत आली.

शाळेत स्कॉलरशिपच्या मुलांची यादी मोठ्यानं वाचली जायची. मग दिवसभर 'सरकारचे जावई'. हे त्यानं मला सांगितलं सहा वर्षांनी. आईला अजून नाही. गेल्या महिन्यात तो तिची शुगर तपासायला घेऊन गेला. नर्सताईंनी सहज विचारलं, झोप लागते का? ती म्हणाली, हा सातवीत होता तेव्हापासून धड लागत नाही.

म्हणजे एका केसपेपरवर पोटदुखी, दुसऱ्यावर शुगर. घर मात्र एकच. कुटुंबकेंद्री प्राथमिक आरोग्यसेवा म्हणतात ती इथून सुरू व्हायला हवी. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असं दिसलं, की उपचारांनी आईचं नैराश्य हटलं त्या घरांत मुलांची लक्षणंही कमी झाली. आपल्याकडे 2014 पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्यात मानसिक आरोग्यही आहे. पण 'मला उदास वाटतं' असं सांगत कुठला बारा वर्षांचा पोरगा एकटा दवाखान्यात जातो? तो आईचा हात धरून, पोट दुखतं म्हणून जातो.

मात्र 'कुटुंबकेंद्री' म्हणजे आईबापांना दोष देणं नव्हे. आमच्या घरात कारण नव्हतं, ते शाळेत होतं. बिहारमध्ये नालंदा जिल्ह्यातल्या 74 शाळांत एक प्रयोग झाला. 2018 साली त्याचे निष्कर्ष आले. तोच कार्यक्रम काही शाळांत शिक्षकांनी राबवला, काहींत बाहेरून नेमलेल्या, थोडं प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी. नैराश्य आणि दादागिरी कमी झाली ती समुपदेशकांच्या शाळांत; शिक्षकांच्या शाळांत फरक पडला नाही. तो अभ्यास जातीबद्दल नव्हता. पण यादी वाचणाऱ्यापाशीच मन मोकळं कर, असं मी माझ्या भावाला सांगू शकत नाही.

आता थोडं आपल्याबद्दल. आमचे वडील त्याला म्हणायचे, "बाबासाहेब गोणपाटावर बसून शिकले, तू कशाला रडतोस?" त्यांना धीरच द्यायचा होता. पोरगा त्यानंतर घरात काही बोललाच नाही. बाबासाहेबांनी ते सोसलं आणि लिहूनही ठेवलं. आपण पोरांना त्यातलं सोसणंच तेवढं शिकवतो.

इथे आशाताई बसल्या आहेत, म्हणून मागणी स्पष्ट करते. मूल वारंवार पोटदुखी, डोकेदुखी घेऊन आलं तर शाळेत त्याला काय म्हणतात, कुठे बसवतात, हे विचारायचं आणि केसपेपरवर लिहायचं. आईला बाजूला घेऊन तिच्या झोपेचं विचारायचं. आणि हे काम आशाताईंच्या अंगावर फुकट टाकायचं नाही; त्याचा वेगळा मोबदला हवा, प्रशिक्षण हवं, आणि आमच्या वस्तीतल्या घरात आत येऊन बसणारी ताई हवी. उंबऱ्यावरून हे प्रश्न विचारता येत नाहीत.