शिकवणीचा आराखडा कोणी काढावा?



खेळाच्या शिक्षकाने काय करावे, याचेही आता शास्त्र झाले आहे. त्यात आराखडे काढतात : आधी खेळाडूची पारख, मग उद्दिष्ट, मग सराव, मग सामना, मग चुकांची तपासणी, की पुन्हा पहिल्यापासून. कागदावर हे चक्र मोठे देखणे दिसते. पण मी कामगारांत वावरलेला माणूस. कागदी चक्राची मला जरा धास्तीच वाटते.

संपाहून सौम्य असे एक हत्यार आमच्याजवळ असते : नियमावर बोट ठेवून काम करणे. एकही नियम मोडायचा नाही, आणि नियमाबाहेर हातही हलवायचा नाही. थोड्याच वेळात काम तुंबते! कारखाना चालतो तो नियमांच्या पुस्तकात न लिहिलेल्या शहाणपणावर.

आपला खो-खो घ्या. आठ जणी एकाआड एक उलट तोंडे करून बसलेल्या, नववी पाठलागावर. मध्यरेषा ओलांडायची नाही, खो पाठीमागूनच द्यायचा. हे तासाभरात सांगून होते. पण समोरची हुलकावणी देणार हे तिच्या खांद्यावरून ओळखून खो केव्हा द्यावा नि केव्हा राखावा, हे कोणत्या चौकटीत लिहाल? ते शिक्षक मातीत उभा राहून शिकवतो, आणि पुष्कळदा मुलींकडूनच शिकतो.

विद्वानांनाही हे उमगले. १९९५ साली झां कोते व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातील १७ निष्णात जिम्नॅस्टिक शिक्षकांनाच त्यांच्या कामाविषयी विचारले आणि त्यांच्या उत्तरांतून आराखडा बांधला. सराव आणि सामना यांच्या जोडीला त्यात तिसरे काम आले, व्यवस्थेचे. आणि भोवती शिक्षकाचा स्वभाव, खेळाडूचा स्वभाव, परिस्थिती. पुढे २००६ साली कशन, आर्मर आणि जोन्स यांनी बजावले की, शिकवणी कशी असावी हे सांगणारे आराखडे निराळे आणि ती कशी चालते हे दाखवणारे निराळे.

परिस्थिती! शब्द किती लहान आहे पाहा. आपल्याच जिल्ह्यातील सारिका काळे २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाची कर्णधार होती. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जवळजवळ दहा वर्षे आपण एकवेळ जेवून काढली, असे तिनेच तेव्हा सांगितले. २०१६ मध्ये घरच्या ओढाताणीमुळे तिने खेळ सोडायचे ठरवले होते. समजूत घातल्यावर ती मैदानावर परतली, असे तिचे शिक्षक चंद्रजित जाधव यांनी सांगितले आहे. ही समजूत सरावात धरायची, की सामन्यात?

आणि माझे दुखणे इथेच आहे. गावोगावच्या शिक्षकाचे मानधन, मिळालेच तर, मैदानावरच्या तासांवर ठरते. मुलीच्या बापाला पटवणे, एस.टी.चे भाडे जमवणे, दुखऱ्या गुडघ्याची मुलगी दवाखान्यात नेणे, हे कोणाच्या हजेरीपटावर चढत नाही. कोतेंच्या आराखड्यात व्यवस्थेला निदान जागा तरी आहे; आपल्या हिशेबवहीत तीही नाही.

म्हणून माझी एक मागणी आहे. या सुट्टीत आपल्या पंचक्रोशीत मुलांना खेळ शिकवणाऱ्या कोणाही एकाचा आठवडा, पहाटेपासून रात्रीपर्यंत, वहीत उतरवून काढा. मुलांचेही म्हणणे त्यात लिहा. पुढच्या वसंतात ती वही इथेच वाचू, आणि मग मानधनाचा विषय ग्रामसभेत मांडू. मी येईन.