पहिले हजार किलोमीटर
(रेडिओवरील भाषण)



दसरा होऊन आठवडा झाला. हँडलला झेंडूचा हार, चाकाखाली चिरडलेलं लिंबू, अशा थाटात शोरूममधून निघालेल्या नव्या मोटरसायकली आता रस्त्यावर दिसू लागल्या आहेत. आणि लगोलग पुण्याच्या नाना पेठेत, किंवा तुमच्या गावच्या स्पेअरपार्टच्या गल्लीत, दुसरी गर्दी सुरू झाली आहे. सीटवरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नसतं आणि सायलेन्सर बदलायचा भाव विचारला जातो. एअर फिल्टर कोणता बसेल, ईसीयूचं, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचं, रिमॅपिंग कुठे करून मिळेल, पिकअप किती वाढेल, हे प्रश्न गाडीची पहिली टाकी संपायच्या आत येतात.

मला या हौसेचा राग नाही. इंजिनात हात घालावासा वाटणारी माणसं होती म्हणूनच आपल्याकडे चांगले मेकॅनिक तयार झाले. माझं म्हणणं वेळेबद्दल आहे. शोरूममधून जे इंजिन तुमच्या हाती येतं ते पूर्ण झालेलं नसतं. त्याच्यावरचं शेवटचं काम कारखान्यात पुरं होत नाही, ते रस्त्यावर, तुमच्या हातून व्हायचं असतं. ते झाल्याशिवाय त्यात बदल करायला घेणं म्हणजे अर्धवट वस्तू सुधारायला घेणं.

हे शेवटचं काम कोणतं, ते जरा खोलात जाऊन सांगतो. सिलिंडरची आतली भिंत, म्हणजे बोअर, अगदी गुळगुळीत असते असं बऱ्याच जणांना वाटतं. ती मुद्दामच तशी ठेवलेली नसते. होनिंगचे दगड फिरवून तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरक्या रेषा ओढलेल्या असतात. जात्याला टाकी लावतात, त्यातलाच हा प्रकार. खाचांमध्ये ऑइल धरून ठेवलं जातं आणि उंचवट्यांवर पिस्टनच्या रिंगा घासल्या जातात. रिंग कितीही अचूक बनवलेली असली तरी ती ह्याच बोअरसाठी म्हणून बनलेली नसते. दोघांना एकमेकांच्या मापाचं व्हावं लागतं. मेकॅनिक म्हणतात, ‘रिंगा बसल्या’. हे बसणं पहिल्या काहीशे किलोमीटरमध्येच होतं, कारण ते उंचवटे एकदा झिजले की संपले. पुन्हा तशी संधी हवी असेल तर इंजिन उतरवून बोअरला परत होनिंग करावं लागतं.

आता इथे एक जुना गैरसमज आहे. ‘नवी गाडी चाळिसाच्या वर नेऊ नकोस’, असं घरातले वडीलधारे सांगतात. त्यांच्या काळी ते अगदी खोटं नव्हतं. बिडाच्या इंजिनाची जुनी बुलेट किंवा टू-स्ट्रोक यामाहा यांच्या बाबतीत भीती होती ती पिस्टन जाम होण्याची. पिस्टन ॲल्युमिनियमचा, लायनर बिडाचा, आणि ॲल्युमिनियम उष्णतेने बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. नवं इंजिन घर्षणाने जास्त तापतं, पिस्टन फुगतो, मधली फट संपते आणि धावत्या गाडीचं मागचं चाक जागच्या जागी अडकतं. यामाहा आरएक्स 100 ही 1985 साली आली आणि 1996 साली बंद झाली. अवघी 98 सीसी, पण 11 अश्वशक्ती. आमच्या कोल्हापूरकडे ती अजूनही हौसेने बोअर करून चालवतात, आणि बोअर केल्यावर पोराला आधी दम देतात तो हाच, चाळिसाचा.

पण नुसतं हळू चालवणं हेही चुकतं, ते असं. रिंग स्वतःच्या ताणाने बोअरला टेकलेली असते, मात्र तो ताण बेताचा. खरा दाब येतो पेट्रोल पेटल्यावर. पेटलेला वायू रिंगेच्या खाचेत मागच्या बाजूने शिरतो आणि तिला भिंतीवर रेटतो. इंजिनावर भारच टाकला नाही तर हा रेटा येत नाही. रिंग ऑइलवर नुसती तरंगत राहते, ते ऑइल उष्णतेने भाजून खाचांत बसतं आणि भिंतीवर चकाकणारा थर धरतो. मग ते इंजिन कायमचं ऑइल खातं, निळा धूर मारतं, आणि मालक म्हणतो, ‘मी तर फुलासारखी वापरली हो!’

मग चालवायची कशी? कंपनीच्या पुस्तिकेत रनिंग-इनचं एक पान असतं, ते वाचायचं. किती आरपीएमपर्यंत जायचं, किती किलोमीटरपर्यंत, हे प्रत्येक इंजिनाचं वेगळं असतं आणि तो आकडा कट्ट्यावरच्या मित्रापेक्षा कंपनीला जास्त ठाऊक असतो. त्या मर्यादेच्या आत वेग सतत बदलता ठेवायचा. मधल्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दमाने, पण ठामपणे उघडायचा, गाडी ओढू द्यायची, मग सोडून द्यायचा. सोडल्यावर सिलिंडरमध्ये पोकळी तयार होते, थोडं ऑइल वर खेचलं जातं, बोअर धुतला जातो आणि गारही होतो. हायवेला लागून तासभर एकाच वेगाने जायचं नाही. टॉप गिअरमध्ये तीसच्या वेगाने घाट चढवायचा नाही, कारण त्यात इंजिन गुदमरतं. थंड इंजिन रेस करायचं नाही. आणि सर्वांत वाईट सवय म्हणजे पूजेच्या वेळी गाडी सुरू करून स्टँडवर पंधरा-वीस मिनिटं तशीच सोडायची. वारा नाही, भार नाही, नुसती उष्णता.

टायर, ब्रेक, क्लच, चेन हेही या काळात आपापल्या जागी बसतात. नवा टायर पहिले शंभरेक किलोमीटर घसरडा असतो, वळणावर जपा. एवढंच.

आता मूळ मुद्द्याकडे. ह्याच काळात सायलेन्सर आणि एअर फिल्टर बदलला तर काय होतं? शुद्ध पेट्रोल नीट जळायला त्याच्या वजनाच्या 14.7 पट हवा लागते. फ्री-फ्लो सायलेन्सर आणि मोकळा फिल्टर लावला की इंजिनात हवा जास्त शिरते. कार्बोरेटरच्या काळात जाणता मेकॅनिक लगेच मेन जेट बदलून पेट्रोल वाढवायचा. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि कार्बोरेटर जवळपास गेलाच. आता ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून पेट्रोल ठरवतो. मात्र तो ऐकतो हलक्या ॲक्सिलरेटरवर. पूर्ण उघडलात की तो कंपनीने भरून दिलेल्या तक्त्याप्रमाणे चालतो, आणि त्या तक्त्याला तुमचा नवा सायलेन्सर माहीत नसतो. तिथे मिश्रण पातळ होतं, ज्वलनाची उष्णता वाढते. म्हणजे घर्षणामुळे इंजिन आधीच तापत असतं, त्याच दिवसांत आपण त्याला आणखी तापवतो. वरून आवाज दमदार आला म्हणून पोरगं ॲक्सिलरेटर जास्तच पिळतं. आवाजाचा आणि शक्तीचा संबंध लोक समजतात त्याच्या निम्माही नसतो, असं माझं मत आहे.

दुसरं कारण हिशेबाचं. रिंगा बसत जातात तसं कॉम्प्रेशन सुधारतं, ॲव्हरेज वाढतो, गिअर मऊ पडतात, गाडी आपोआपच मोकळी होते. तिसऱ्या दिवशी पुंगळी, म्हणजे तो मोकळा सायलेन्सर, बसवलेला माणूस ह्या सगळ्याचं श्रेय पुंगळीला देतो! आणि उद्या गाडी धक्के खाऊ लागली तर तो दोष पुंगळीचा, वायरिंगचा की मुळातच कारखान्यातला, हे सांगायला त्याच्याकडे आधार काहीच नसतो. कारखान्यातले दोष बहुतेक सुरुवातीलाच उघडे पडतात. गाडी जशीच्या तशी असेल तर ते वॉरंटीत दुरुस्त होतात. वायरिंगचा हार्नेस कापलेला दिसला की काउंटरवरचा माणूस हात वर करतो, आणि त्याचं चुकतं असं मला म्हणता येत नाही.

कायद्याचंही सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमानुसार गाडीच्या मूळ रचनेत मन मानेल तसे बदल करता येत नाहीत, आणि 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं आहे. नियमाबाहेरच्या अशा बदलासाठी मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. तेव्हा हौस भागवायची तर ट्रॅकवरच्या गाडीवर, नाहीतर आरटीओला मान्य असेल तेवढीच.

पहिलं सर्व्हिसिंग बहुतेक गाड्यांना 500 ते 1000 किलोमीटरच्या दरम्यान असतं. ते चुकवू नका. त्या ऑइलमध्ये झिजलेल्या धातूची बारीक भुकटी असते. इंजिन गरम असताना ते काढायला सांगा, फिल्टरही बदलायला सांगा. नवं ऑइल पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचं. आपल्या बहुतेक गाड्यांचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, म्हणून बाटलीवर ‘जासो एमए’ असा शिक्का असलेलं मोटरसायकलचंच ऑइल घ्या. कारचं उरलंसुरलं ऑइल ओतलं तर क्लच घसरू शकतो.

जुन्या गाडीचं इंजिन बोअर करून आणलं असेल तर हे सगळं तिलाही लागू आहे. तिथे पहिलं ऑइल आणखी लवकर काढतात, दोन-तीनशे किलोमीटरवरच. शिवाय होनिंगच्या दगडाची भुकटी बोअरच्या खाचांत रुतून बसलेली असते आणि नुसत्या पेट्रोलच्या फडक्याने ती निघत नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रश लागतो. पांढरं फडकं फिरवून ते पांढरंच राहीपर्यंत धुवायचं आणि लगेच ऑइल लावायचं, नाहीतर बीड घटकाभरात गंज धरतं. इंजिन जोडायच्या आधी मेकॅनिकला हे विचारा, आणि शक्य झालं तर समोर उभं राहून करून घ्या.