घुमारा आतला की बाहेरचा?

निजाम-उल्-मुल्क आणि मुबारिझखान यांच्यातील 1724 च्या लढाईमुळे साखरखेर्डा हे नाव इतिहासाच्या दफ्तरात दाखल झाले; आज मात्र त्या गावाचे स्मरण मला निराळ्या कारणाने होते. तेथील एखाद्या भजनी मंडळातील तरुणांनी घरच्या संगणकावर अभंग ध्वनिमुद्रित करावयाचे मनावर घेतले आणि टाळ-मृदंगामागे सिंथेसायझरचा मंद स्वर धरावयाचे ठरविले, तर पहिल्याच बैठकीत असा पेच पडेल की, रिव्हर्ब, कोरस, इको हे संस्कार सिंथमधलेच घ्यावेत, की ते बंद ठेवून स्वतंत्र प्लगइनांची तजवीज करावी?

माझे मत असे की, स्वराच्या घडणीतच मुरलेला संस्कार आतलाच ठेवावा. जागेचा भास निर्माण करणारा मात्र बाहेरून द्यावा, आणि तोही सर्व वाद्यांना मिळून एकच.

1982 साली आलेल्या रोलंड जूनो-60 या वाद्यात प्रत्येक स्वरामागे एकच दोलक होता; परंतु त्याच्या अंगच्या कोरसची कळ दाबताच तो साधा स्वर असा काही विस्तारे की, पुढे कित्येकांना तो कोरस म्हणजेच जूनो वाटू लागला. 1987 च्या डी-50 मध्ये तर, स्मृती महाग असल्यामुळे, खऱ्या ध्वनींचे आरंभीच्या आघातापुरते तुकडे साठवून त्यांना कृत्रिम तरंग जोडलेले होते, आणि त्याच यंत्रातील कोरस व रिव्हर्ब ते सांधे मोठ्या खुबीने झाकीत. असा संस्कार काढून टाकला तर वाद्यच बदलते. शिवाय पुष्कळ सॉफ्टवेअर सिंथमध्ये आतल्या इफेक्टची सूत्रे त्यांच्याच एन्व्हलपच्या हाती देता येतात, म्हणजे स्वर विझत असता इको वाढत जावा अशी व्यवस्था होते, आणि ती पॅचबरोबरच जतन राहते. सप्ताहाच्या मंचावर, जेथे पुढचे पद सुरू होण्यास क्षणाचाही अवकाश नसतो, तेथे ही सोय लाखमोलाची.

रिव्हर्बचा मामला वेगळा. प्रीसेट रचणारी मंडळी, ऐकणाऱ्यास पहिल्याच स्वरात भुरळ पडावी म्हणून, त्यात रिव्हर्ब मुक्तहस्ते ओततात (ही उधळपट्टी मला मुळीच मानवत नाही). एकटा वाजताना तो पॅच राजेशाही वाटतो, परंतु अभंगात मिसळला की गायक ओसरीवर, टाळ अंगणात आणि सिंथ एखाद्या भुयारात बसल्याचा भास होतो. म्हणून आतला रिव्हर्ब प्रथम बंद करावा, एका सेंड ट्रॅकवर एकच रिव्हर्ब प्लगइन लावावा, आणि प्रत्येक वाद्य तिकडे गरजेपुरतेच पाठवावे. प्रोसेसरवर एकाच रिव्हर्बचा भार पडतो, आणि प्रमाण शेवटपर्यंत बदलता येते. ध्वनिमुद्रणातच मुरलेला घुमारा मात्र मागाहून धड वेगळा काढता येत नाही.

मिश्रण पक्के करण्यापूर्वी ते मोनोत अवश्य ऐकावे, कारण एकाच कर्ण्यातून वाजताना कोरसची रुंदी नाहीशी होते. आणि तरीही निर्णय होत नसेल, तर सिंथचा कोरडा ट्रॅक व त्याची मिडी नोंद अशी दोन्ही दप्तरी ठेवून तूर्त गायकाच्या आवाजाकडे वळावे.