वाघ पाहणारे आणि वाघाशेजारी राहणारे

(बदलापूर पश्चिमेच्या हेंद्रेपाडा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



'वन्यजीव पर्यटन आणि पर्यावरण' असा विषय आयोजकांनी मला नेमून दिला आहे. त्यासाठी मी टिपणे काढून आणली होती. परंतु सकाळच्या चर्चेत मुरबाडकडून आलेल्या एका तरुण साथीने एक प्रश्न विचारला, आणि टिपणे बाजूला ठेवून त्या प्रश्नाचेच उत्तर देण्याचा प्रयत्न करावा असे मला वाटू लागले. त्याचे म्हणणे असे : "शहरातली माणसे आमच्याकडे काजवे बघायला येतात, धबधब्यावर येतात. त्यांना पिठले-भाकरी करून घातली तर चार पैसे हाती येतात. वीटभट्टीवर जाण्यापेक्षा हे बरे नाही का? मग आपण पर्यटनाच्या नावाने नाक का मुरडायचे?"

प्रथमच सांगतो की ह्या साथीचे म्हणणे खरे आहे. आपल्या भागातील कातकरी आणि ठाकूर कुटुंबे दिवाळीनंतर भट्टीमालकाची उचल घेऊन मुलाबाळांसह घर सोडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात, पुष्कळदा अंगावर बाकी घेऊनच. अशा माणसाला स्वतःच्या दारात, स्वतःच्या माहितीवर चार पैसे मिळत असतील, तर ते मिळवू नकोस असे सांगण्याचा अधिकार दर शनिवारी सहलीला निघणाऱ्या मध्यमवर्गाला नाही आणि आपल्या पक्षालाही नाही. पर्यटन असावे की नसावे, हा वाद म्हणूनच मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. जंगल दाखवण्याचा हक्क कोणाचा, त्याचे उत्पन्न कोणाचे, आणि दाखवता दाखवता ते जंगलच खालावले तर त्याची किंमत कोणी मोजायची, हे प्रश्न मात्र आपण विचारलेच पाहिजेत.

काजव्यांचेच उदाहरण घेऊ. अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या परिसरात, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात, मेअखेरीस हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ ह्या झाडांवर लक्षावधी काजवे जमतात आणि मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक येथून मोटारींच्या रांगा तिकडे लागतात. काजव्याची अळी महिनोन् महिने ओल्या पाचोळ्यात राहते आणि गोगलगायी खाऊन वाढते. पंख फुटल्यानंतरचे त्याचे आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचे. त्या अवधीत नराने प्रकाशाची खूण करावयाची आणि गवतात किंवा पानावर बसलेल्या मादीने तिला उत्तर द्यावयाचे, ह्यावर पुढची पिढी अवलंबून असते. मोटारींचे दिवे आणि हातातील विजेऱ्या ह्यांच्या झोतात ही खूण बुडून जाते. गवतातली मादी आणि पाचोळ्यातली अळी पायाखाली जाते. वनखात्याला तेथे रात्रीच्या प्रवेशावर वेळेची बंधने घालावी लागली, ती ह्यामुळेच.

आता असे समजा की, काही वर्षांनी तेथील काजवे विरळ झाले. पाहुणा दुसरीकडे जाईल. त्याला दुसरा डोंगर, दुसरे राज्य आहे. ज्या महादेव कोळी शेतकऱ्याने कर्ज काढून अंगणात तंबू उभारले, तो मात्र कोठे जाणार? निसर्ग टिकावा ह्यात ज्याचा स्वार्थ सर्वांत मोठा, त्याच्याच हाती किती माणसे आत सोडावयाची हे ठरवण्याची सत्ता नाही. माझ्या मते ह्या प्रश्नाचे मूळ येथे आहे.

हे मूळ किती खोल गेले आहे ते पाहावयाचे असेल, तर चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबाकडे वळावे लागेल. आपल्या राज्यातील वन्यजीव पर्यटनाचे ते सर्वांत मोठे केंद्र आहे आणि आपल्या बदलापुरातूनही लोक तेथे जातात. १९५५ साली ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले. १९८६ साली अंधारी अभयारण्य जाहीर झाले आणि १९९५ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प आकारास आला. तलावाच्या काठी तारू ह्या आदिवासी देवाचे ठाणे आहे. तारू हा वाघाशी झुंजताना मेलेला गावप्रमुख, अशी कथा आहे. पौष महिन्यात तेथे जत्रा भरत असे. म्हणजे जंगलाला नाव मिळाले ते वाघाशेजारी राहणाऱ्या माणसाचे. पुढे त्याच जंगलाच्या गाभ्यातील गावे एकामागून एक उठली. बोटेझरी आणि कोळशाचा काही भाग २००७ च्या सुमारास, त्यानंतर नवेगाव, त्यानंतर जामणी. काही कुटुंबांना शाळा, दवाखाना, रस्ता हवा होता आणि त्यांनी जाणे पसंत केले, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. परंतु ज्या जंगलात माणसाच्या वावराने वाघाला त्रास होतो म्हणून गाव हलवले, त्याच जंगलात सकाळ-संध्याकाळ पर्यटकांच्या गाड्या जातात. गुराख्याच्या काठीने वाघ बिथरतो आणि गाडीच्या इंजिनाने बिथरत नाही, हे कोणते शास्त्र?

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढेही आला होता. २४ जुलै २०१२ रोजी न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातील पर्यटन तात्पुरते थांबवले. देशभर हॉटेलमालकांनी आणि प्रवासी कंपन्यांनी गिल्ला केला. ऑक्टोबरात राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे आली, बंदी उठली आणि गाभ्याच्या जास्तीत जास्त २० टक्के क्षेत्रात पर्यटनाला वाव राहिला. गाव उठवताना टक्केवारीची अशी सवलत कोणी देऊ केल्याचे मला आठवत नाही.

पुढे कायदाही त्याच दिशेने वळला. २०२३ साली वनसंवर्धन कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने सरकारी प्राणिसंग्रहालये, सफारी आणि निसर्ग-पर्यटनाच्या सोयी ह्यांना वनेतर उपयोगाच्या व्याख्येतून वगळले. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन, वनजमिनीवर प्राणिसंग्रहालय किंवा सफारी काढण्यापूर्वी आपली परवानगी घ्यावी, असे बजावले. न्यायालयाने हात धरला म्हणून निदान तेवढे तरी थांबले. परंतु राज्यकर्त्यांचा कल कोठे आहे हे त्यातून स्वच्छ दिसते.

ह्या व्यवस्थेत कष्टकऱ्याच्या वाट्याला काय येते, ह्याची दोन उदाहरणे देतो. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात सफारीच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. चित्रफीत सर्वत्र पसरली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, आणि गाड्यांचे चालक व मार्गदर्शक निलंबित झाले. त्यांची चूक होतीच; तिचे समर्थन मी करणार नाही. परंतु वर्षअखेरीच्या दिवशी आगाऊ पैसे भरून आलेल्या पाहुण्याला वाघ दाखवलाच पाहिजे, हा दाब त्या चालकावर कोणी आणला? बक्षिसीवर ज्याचे घर चालते, त्याने गाडी मागे घेण्याचे धैर्य कोठून आणावे? शिक्षा गाडी हाकणाऱ्याला झाली, ती हाकावयास लावणारी बाजारपेठ जागच्या जागी राहिली.

दुसरे उदाहरण अधिक दुःखाचे आहे. १० मे २०२५ रोजी त्याच चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यात, तेंदूपाने तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. मृताच्या कुटुंबाला राज्य सरकार २५ लाख रुपये देते, आणि ते दिलेच पाहिजेत. परंतु एका बाजूला वाघ दिसावा म्हणून पहाटे उठणारा माणूस, आणि दुसऱ्या बाजूला वाघ दिसू नये अशी प्रार्थना करून पहाटे रानात शिरणारी बाई, असे एकाच जिल्ह्याचे दोन भाग झाले आहेत. वाघांची संख्या वाढली ह्याचा आनंद मलाही आहे. त्या वाढीची किंमत तेंदूपानाच्या पुड्यावर जगणाऱ्या बाईने एकटीने भरावी, हे मात्र मला मान्य नाही.

पर्यटनाचे समर्थक म्हणतात की, पैसा आला नाही तर जंगल राखणार कोण, आणि लोकांनी वाघ पाहिलाच नाही तर त्याच्यासाठी उभे कोण राहणार? ह्या म्हणण्यात तथ्य आहे. प्रवेशशुल्कातून व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानाकडे निधी जमतो, गावांतील तरुण-तरुणींना मार्गदर्शक आणि चालक म्हणून काम मिळते. परंतु चंद्रपूरजवळ लोहारा येथे कोळशाची खाण येऊ घातली होती, तेव्हा २००९ साली रस्त्यावर आले ते चंद्रपूरचेच नागरिक, आणि तो प्रस्ताव मागे पडला. वाघासाठी तेव्हा उभे राहिले ते त्याच्या शेजारचे लोक.

मग पर्याय कोणता? तो त्याच विदर्भात आहे. २००६ साली वनहक्क कायदा झाला. त्याने ग्रामसभेला सामूहिक वन राखण्याचा, त्याचे संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा अधिकार दिला. वन्यजीवांसाठी एखाद्या क्षेत्रातून लोकांना हलवावयाचे असेल, तर सहजीवन शक्य नाही हे आधी सिद्ध करावे लागेल आणि ग्रामसभेची मुक्त संमती घ्यावी लागेल. शिवाय असे रिकामे झालेले क्षेत्र पुढे दुसऱ्या कोणत्याही कामाकडे वळवता येणार नाही, असेही हा कायदा सांगतो. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने २००९ साली हा सामूहिक हक्क मिळवला. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांनी बांबूवरील अधिकारासाठी वनखात्याशी झगडून तो प्रत्यक्षात आणला. चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला २०१२ साली हक्क मिळाला. त्या ग्रामसभेने तेंदूपाने तोडणे स्वतःहून बंद केले, कारण त्यासाठी झाडे छाटली जातात आणि वणवे लावले जातात. बांबूच्या उत्पन्नावर गाव चालवले आणि जंगलाचा एक भाग देवाचा म्हणून कायमचा राखून ठेवला. वरून हुकूम नव्हता आणि दारात बंदूकधारी पहारेकरी नव्हता. हक्क मिळाला आणि त्याबरोबर जबाबदारी आली.

जगातही हे दोन्ही मार्ग दिसतात. टांझानियात १९५९ साली सेरेंगेटीतून मसाई पशुपालकांना हलवले, आणि २०२२ च्या जूनमध्ये लोलिओंडो येथे पुन्हा त्याच लोकांवर सशस्त्र बळ चालवून शिकारक्षेत्राच्या हद्दी आखल्या गेल्या. नामिबियात १९९६ च्या कायद्याने ग्रामसमूहांना वन्यजीव राखण्याचा आणि पर्यटनाचे उत्पन्न घेण्याचा अधिकार मिळाला. आपण कोणत्या वाटेने जावयाचे, हे आपल्याला ठरवावयाचे आहे.

साथींनो, इतके दूर फिरून आता आपण जेथे बसलो आहोत तेथे येतो. हेंद्रेपाड्याहून उल्हास नदी किती अंतरावर आहे, हे मी तुम्हांला सांगण्याची गरज नाही. जुलै २०१९ मध्ये ती तुमच्या घरांत आली होती. त्याच दिवसांत बदलापूर आणि वांगणी यांच्यामध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस हजाराहून अधिक प्रवाशांसह पाण्यात अडकली होती. राजमाचीच्या डोंगरांत उगम पावणारी ही नदी लक्षावधी लोकांना पाणी पाजते आणि बदल्यात आपण तिला सांडपाणी, रसायने आणि जलपर्णी देतो. उल्हास आणि वालधुनी यांच्या प्रदूषणाबद्दल हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली आपल्या पट्ट्यातील नगरसंस्थांना आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना सुमारे ९५ कोटी रुपयांचा दंड सुनावला होता. १९७२ साली बांधलेल्या बारवी धरणाची उंची वाढवण्यासाठी मुरबाडच्या गावांना उठावे लागले, आणि ते पाणी कारखान्यांना व शहरांना गेले. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाले, तो आनंदही आपण साजरा केला. जांभळाची झाडे मात्र इमारतींखाली जात आहेत. धोक्यात आलेला निसर्ग पाहावयास ताडोबाला जाण्याचे कारण नाही. ज्याने आपल्या नदीकडे पाठ फिरवली, तो ताडोबात जाऊन वाघाचा मित्र होऊ शकत नाही.

म्हणून आपल्या शाखांपुढे मी चार कामे ठेवतो. पहिले, अंबरनाथ, मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतील प्रत्येक आदिवासी पाड्याने सामूहिक वनहक्काचा दावा दाखल केला आहे की नाही हे पाहावे, आणि नसेल तर कागद जमवावयास त्यांच्याबरोबर बसावे. दुसरे, जेथे पाहुणे येतात तेथे किती यावेत, कोणत्या वेळी यावेत आणि कोणते महिने जंगल बंद राहावे हे ग्रामसभेने ठरवावे, शुल्क ग्रामसभेच्या खात्यात जमा व्हावे, अशी मागणी लावून धरावी. तिसरे, मार्गदर्शक आणि चालक यांची संघटना बांधावी, म्हणजे बक्षिसीच्या भीतीने त्यांना प्राण्याच्या अंगावर गाडी घालावी लागणार नाही. चौथे, उल्हासच्या पूररेषेत होणारी बांधकामे आणि नदीत जाणारे सांडपाणी हा आपला नित्याचा प्रश्न मानावा. पुरानंतर आठवड्याभरात विसरण्याचा नव्हे.

आता आपल्या तरुण साथीला उत्तर देतो. तू पाहुण्याला जरूर जेवू घाल आणि त्याचे मोल घे. परंतु तो ज्या झाडाखाली उभा राहतो त्या झाडावर तुझ्या ग्रामसभेचा कायदेशीर हक्क लिहून घेतल्यावाचून स्वस्थ बसू नकोस. तो हक्क नसेल तर आज तू यजमान आहेस, उद्या तुझ्याच रानात कोणाच्या तरी हॉटेलातला वाढपी होशील, आणि परवा कदाचित पुन्हा भट्टीचा रस्ता धरशील. हक्क असेल तर पाहुण्याला 'आज काजव्यांना विश्रांती आहे, उद्या या' असे सांगण्याचे बळ तुझ्यात येईल. ज्या दिवशी आपल्या डोंगरातला एखादा पाडा असे सांगू शकेल आणि पाहुणा ते मुकाट्याने ऐकेल, त्या दिवशी येथील जंगल टिकेल असे मी मानीन.