बालेवाडीचा आठवडा

मेलबर्नची ऑस्ट्रेलियन ओपन जानेवारीच्या मध्यावर सुरू होते. त्याआधी हार्ड कोर्टाची सवय व्हावी म्हणून खेळाडू लहान स्पर्धांत उतरतात. त्यांतलीच एक, महाराष्ट्र ओपन, 2018 साली चेन्नईहून पुण्याला आली. ती बालेवाडीत होत असे. विजेत्याला क्रमवारीचे 250 गुण. सामने तीन सेटचे, मेलबर्नला पुरुष एकेरीचे मात्र पाच सेटचे.

अशा स्पर्धेचा निकाल पुढच्या कामगिरीचा अंदाज देतोच असे नाही. 2018 मध्ये मारिन चिलिच इथे उपांत्य फेरीत जिल सिमोंकडून हरला आणि त्याच महिन्यात मेलबर्नच्या अंतिम फेरीत फेडररसमोर उभा राहिला. 2019 ची अंतिम लढत खरी पाहण्याजोगी: केविन अँडरसन विरुद्ध 39 वर्षांचा इव्हो कार्लोविच, दोघेही ताडमाड, सर्व्हिस तोफेसारखी. तिन्ही सेट टायब्रेकवर गेले, अँडरसन जिंकला. दुहेरीत रोहन बोपण्णा-दिविज शरण विजेते ठरले.

2020 आणि 2022 मध्ये स्पर्धा फेब्रुवारीत गेली, तेव्हा सरावाचा हेतूच उरला नाही. 2023 ला ती जानेवारीत परतली, टॅलन ग्रीक्सपूर जिंकला. 2024 पासून वेळापत्रकातला तो आठवडा हाँगकाँगच्या स्पर्धेकडे आहे.